स्टार्टर बंद आहे, दादा

वाचकाचं पत्र (थोडं कापून)

"डॉक्टर मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो. वय २१, आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड, दुसरं वर्ष. माझा दादा २७ वर्षांचा आहे. बाबा गेल्यापासून पाच एकर वावर तोच पाहतो. कपाशी, तूर, विहिरीवर पाच एचपीची मोटर.

चार वर्षांपासून दादाला स्टार्टरची शंका आहे. मोटर बंद करतो, धुऱ्यापर्यंत येतो, परत पाहायला जातो. घरी आल्यावर जेवता जेवता ताटावरून उठतो. वावर दीड किलोमीटर दूर आहे. रात्रीची लाइन असली की तीन-तीन चकरा होतात. त्याला वाटते स्टार्टर चालूच राहिला, आता मोटर आपोआप सुरू होईल, कोणाला तरी शॉक लागेल आणि आपल्यामुळे माणूस मरेल. मोबाइलमध्ये बंद स्टार्टरचे फोटो काढून ठेवतो. मग म्हणतो, 'हा फोटो आजचाच हाय ना बे?' मला दिवसातून वीस-तीस वेळा विचारतो. मी 'हो दादा, बंद आहे' म्हणतो. म्हटल्याशिवाय तो झोपत नाही.

एक गोष्ट त्याने फक्त मला सांगितली. ताई बाळंतपणाला आली होती. तिचं बाळ मांडीवर असताना त्याच्या मनात आलं, याला आपण विहिरीत टाकून दिलं तर? तेव्हापासून तो बाळाला हात लावत नाही. ताईला वाटते भाऊ बदलला.

आई म्हणते बाहेरचं आहे. एका ठिकाणी नेलं होतं, तिथे त्याला मिरचीची धुरी दिली. मी एका व्हिडिओत पाहिलं की ओसीडीत, म्हणजे एकच शंका पुन्हा पुन्हा येते त्या आजारात, मेंदूच्या सर्किटचं कनेक्शन बिघडलेलं असते आणि ते एमआरआयमध्ये दिसते. कापसाच्या चुकाऱ्यातले १२,००० रुपये मी आईला न सांगता बाजूला ठेवले आहेत. नागपूरला नेऊन एमआरआय करू का? वायरिंगच खराब असेल तर गोळीने किंवा बोलण्याने ते कसं दुरुस्त होईल? मोबाइल स्टार्टर बसवून देऊ का, म्हणजे त्याला घरूनच दिसेल? त्याच्यासाठी पोरी पाहणं सुरू आहे, समोरच्यांना सांगावं का?

ता. क. तुमचं उत्तर दादाला दाखवलं तर चालेल का?"

उत्तर

भाऊ,

आधी पैशाचं बोलते. ते १२,००० रुपये आईच्या हातात परत दे. एमआरआय करू नको.

सेंटरवर होतो तो नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: गाठ, रक्तस्राव, सूज, जुना मार. दादाचा तसा फोटो बहुतेक अगदी नीट येईल आणि रिपोर्टवर लिहिलेलं असेल 'नॉर्मल'. मला भीती त्या 'नॉर्मल'ची आहे. तो कागद घरात आला की आई म्हणेल, पाहा, डॉक्टरीत काही निघालं नाही, म्हणजे बाहेरचंच. शेजारचे म्हणतील, नाटकं करते. आणि दादा त्या कागदाकडे पाहून म्हणेल, हा रिपोर्ट माझाच हाय ना बे? फिट येत असेल, डोक्याला मोठा मार लागला असेल, हातपाय लुळे पडत असतील किंवा हा त्रास पन्नाशीनंतर अचानक सुरू झाला असेल, तर डॉक्टर स्वतःच एमआरआय लिहून देतात. तुझ्या पत्रात यातलं काही नाही. हे दुखणं ओळखलं जातं ते समोर बसून, विचारून, ऐकून. तू लिहिलेल्या दोन पानांत मला जेवढं दिसलं तेवढं कुठल्याही फोटोत दिसलं नसतं. अर्थात पत्रावरून निदान करायचं नसतं, ते दादाला समोर बसवूनच होईल. पण मला ओसीडीचा दाट संशय आहे. मराठीत याला मंत्रचळ असा जुना शब्द आहे. म्हणजे हे काही मोबाइलसोबत आलेलं नवं दुखणं नव्हे.

आता तुझ्या व्हिडिओकडे वळते. तो खोटा नाही, अर्धा आहे.

'सर्किटचं कनेक्शन' हे शब्द ज्या तपासणीतून येतात तिला फंक्शनल एमआरआय म्हणतात. त्यात वायर दिसत नाही. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथल्या रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं, मशीन तो बदल टिपतं. १९९५ साली अमेरिकेत भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या संशोधकाने दाखवलं की माणूस काही न करता नुसता पडून असला, तरी हालचालीशी संबंधित मेंदूचे डावे-उजवे भाग एका लयीत वरखाली होत असतात. दोन भाग असे सोबत वरखाली झाले की म्हणायचं, यांचं कनेक्शन आहे.

तुला हे समजायला जड जाऊ नये. संध्याकाळी तुमच्या घरचा बल्ब मंद झाला आणि त्याच क्षणी चार घरं सोडून असलेला बल्बही मंद झाला, असं रोज होत असेल, तर खांबावर न चढता तू सांगशील की दोन्ही घरं एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत. पण मधली केबल कुठून गेली, जॉइंट कुठे सैल आहे, हे तेवढ्यावरून नाही सांगता येणार. शास्त्रज्ञही असेच खांबाखाली उभे राहून बल्ब पाहताहेत. फार मेहनतीने पाहताहेत, पण खालूनच.

त्यांना काय दिसलं? कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणीच्या वर ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स नावाचा भाग आहे. 'काहीतरी चुकलं, काहीतरी राहून गेलं' याचा हिशेब ठेवण्यात तो पुढे असतो. तिथून निरोप खोल मेंदूतल्या स्ट्रायटमकडे जातो. सवयी तिथे बसतात, आणि कोणता निरोप पुढे सोडायचा, कोणता अडवायचा, यात त्याचा मोठा हात असतो. पुढे थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मधोमध असलेलं निरोपांचं जंक्शन, आणि थॅलॅमसकडून परत कपाळाकडे. फेरी पूर्ण. ही फेरी तुझ्याही डोक्यात आहे, माझ्याही. मी गॅस बंद करून घराबाहेर पडते, शंका येते, एकदा वळून पाहते, निरोप मिटतो. ओसीडीत तो मिटत नाही. तोच निरोप फिरून परत दारात उभा. या फेरीत निरोप सोडणारी एक वाट असते आणि आवळणारी एक, आणि सोडणारीचं पारडं जड होतं, असं चित्र कित्येक वर्षांपासून मांडलं जातं. २००९ साली बेन हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २१ रुग्णांची २१ निरोगी माणसांशी तुलना केली, तेव्हा कपाळामागचा तो भाग आणि स्ट्रायटम यांची जोडी रुग्णांत जास्त घट्ट दिसली. तुझा व्हिडिओ बहुधा अशाच कामावर उभा आहे.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. २०२३ साली जगभरातल्या २८ ठिकाणांचे स्कॅन एकत्र केले गेले: १,०२४ ओसीडीचे रुग्ण, १,०२८ निरोगी. एवढ्या मोठ्या ढिगात उलटंच जास्त दिसलं. बऱ्याच जोड्या घट्ट नव्हे, सैल निघाल्या. घट्ट निघाल्या त्या थोड्या, आणि त्यातल्या बहुतेक थॅलॅमसच्या. मग संगणकाला सांगितलं, नुसता स्कॅन पाहून ओळख, रुग्ण कोण आणि निरोगी कोण. या कामात ०.५ गुण म्हणजे नाणं उडवून सांगितल्यासारखं आणि १ म्हणजे एकही चूक नाही. संगणकाची मजल ०.६७ च्या आसपास थांबली. हजार माणसांच्या सरासरीत जो फरक दिसतो तो एका माणसाच्या फोटोत ओळखता येत नाही. तालुक्याची कापसाची सरासरी पाहून तुमच्या पाच एकरांत यंदा किती पिकेल हे सांगता येतं का? व्हिडिओवाल्याने हे शेवटचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुझे १२,००० असे बाजूला पडले नसते.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला: वायरिंगच खराब असेल तर बोलण्याने काय होणार?

मोटर थेट लाइनवर सुरू करणारा डीओएल स्टार्टर तू उघडून पाहिला असशील. हिरवं बटन दाबून बोट काढलं तरी मोटर चालूच राहते, कारण कॉन्टॅक्टरचा, म्हणजे आतल्या चुंबकी स्विचचा, होल्डिंगचा पॉइंट स्वतःच्याच कॉइलला सप्लाय देत राहतो. दादाच्या डोक्यात 'चुकलं' हा निरोप तसा होल्ड झाला आहे. वायर जळालेली नाही, कॉइल धड आहे. उपमा यापुढे ताणत नाही. मेंदूत लाल बटन नसतं, आणि इलेक्ट्रिशियनसमोर जास्त बोलले तर तूच मला पकडशील.

होल्ड सुटतो का? सुटतो, आणि ते स्कॅनमध्ये पाहिलं गेलं आहे. १९९२ साली कॅलिफोर्नियात लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे उपचाराआधी आणि नंतर पेट स्कॅन केले, म्हणजे मेंदूचा कोणता भाग किती काम करतो ते पाहिलं. एका गटाला फ्लुओक्सेटिनची गोळी, दुसऱ्या गटाला गोळी नाही, फक्त वर्तनोपचार, म्हणजे बोलून आणि सरावाने करायचा उपचार. ज्यांना गुण आला त्यांच्या स्ट्रायटममधल्या कॉडेट या भागाची जास्तीची धावपळ उतरली, आणि ती दोन्ही गटांत उतरली. १९९६ साली त्याच मंडळींनी वर्तनोपचार घेतलेले आणखी रुग्ण पाहिले. आधी कपाळ, कॉडेट आणि थॅलॅमस एका दावणीला बांधल्यासारखे सोबत वरखाली होत होते. गुण आल्यावर ती दावण सैल झाली. गट लहान होते, हे मान्य. पण गोळी आणि सराव एकाच जागी पोचतात, ही गोष्ट मला आजही रुग्णाच्या घरच्यांना सांगाविशी वाटते. बोलणं म्हणजे हवा नव्हे. मेंदूला ते लागतं.

आणि आता जे सांगायचं आहे ते तुला कदाचित आवडणार नाही. दादाचं सर्किट दादाच्या डोक्यात संपत नाही. त्यात तू आहेस.

रात्री तो विचारतो, "बंद केलं ना बे?" तू म्हणतोस, "हो दादा." त्याला बरं वाटतं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग पुन्हा. त्या वीस मिनिटांच्या बऱ्या वाटण्यातून त्याचा मेंदू काय शिकतो? की धोका खरा होता, विचारलं म्हणून टळला. पुढच्या वेळी तो आणखी लवकर विचारतो. तू प्रेमाने उत्तर देतोस, आणि होल्डिंगला सप्लाय तुझ्या उत्तराचा जातो. ज्या घरात हे दुखणं असतं त्या बहुतेक घरांत हेच चालतं. कोणाची बायको न्हाणीत पाण्याच्या बादल्या भरून देते, कोणाची आई दाराची कडी दाखवत बसते. मी कोणाला दोष देत नाही. रात्री दोन वाजता कोणीही हेच करेल.

फोटोंचंही तसंच. २००३ साली नेदरलँड्समध्ये एक साधा प्रयोग झाला. चांगल्या धडधाकट माणसांना संगणकावरच्या खोट्या गॅसच्या शेगड्या पुन्हा पुन्हा तपासायला लावल्या. बराच वेळ तपासल्यावर त्यांची आठवण चुकत नव्हती, पण ती अंधूक झाली आणि तिच्यावरचा भरवसा उडाला. म्हणजे पाहून पाहून शंका मिटत नाही, पाहून पाहून शंका तयार होते. दादाची स्मरणशक्ती गेलेली नाही. स्टार्टर इतक्यांदा पाहिला की कोणतं पाहणं आजचं, हेच एकमेकांत मिसळून गेलं.

म्हणून मोबाइल स्टार्टर बसवू नको. तुझा हेतू चांगला आहे आणि डोकंही चांगलं चाललं आहे. पण आज तो रात्री तीनदा वावरात जातो. मोबाइलवर दिसायला लागलं तर अंथरुणात पडल्या पडल्या तीनशेदा पाहील, आणि वर नवी शंका येईल: हे ॲप खरं दाखवते का?

एक काम मात्र कर. तुमच्या स्टार्टरला ऑटो लावलेला असेल तर तो काढ. लाइन आल्यावर सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी जळतो, म्हणून महावितरणही तो काढायला सांगतं, आणि आपोआप सुरू होणारी मोटर खरोखरच धोक्याची आहे. अर्थिंगही पाहून घे. हे एकदाच कर, नीट कर, कोणत्याही शेतकऱ्याच्या विहिरीवर केलं असतंस तसं. दादाने पुन्हा तपासायला सांगितलं तर पुन्हा करू नको. खरी खबरदारी एकदा घेऊन संपते. दुखण्याची खबरदारी संपत नाही.

या दुखण्यावरचा जो वर्तनोपचार आहे त्याची सुरुवात १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर केलेल्या कामातून झाली. सांगायला सोपा, करायला अवघड: ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर जायचं, आणि भीती घालवण्यासाठी जी कृती होते ती करायची नाही. दादासाठी याचा अर्थ, स्टार्टर एकदा बंद करायचा, फोटो न काढता वळायचं आणि धुरा ओलांडून चालत राहायचं. छाती धडधडेल. पाय मागे ओढतील. घरी पोचेपर्यंत वाटत राहील की मागे कोणीतरी मरून पडलं. ही धडधड काही न करता हळूहळू उतरते, बहुतेकदा तासाभरात. एखाद्या दिवशी उतरत नाही, तेव्हाही शंका खिशात घेऊन जेवता येतं, हे त्याला कळतं. मला विचारशील तर खरा इलाज हाच. 'बंद आहे' याची खात्री मिळणं हा इलाज नव्हे. ती आपल्यापैकी कोणालाच पूर्ण मिळत नसते.

हा सराव डॉक्टरांसोबत बसून, सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या लावून करायचा असतो. पण तुझं उत्तर कमी करण्याचं तू आजपासून सुरू करू शकतोस. एकदम तोंड बंद करू नको. ते क्रूर होईल आणि तो चिडेल. दिवसा, डोकं शांत असताना त्याच्याशी ठरव. "दादा, रात्री मी एकदाच सांगीन. दुसऱ्यांदा विचारलं तर उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसून राहीन." आणि दुसऱ्यांदा विचारलं की म्हण, "हे तू नाही विचारून राहिला, तो डोक्यातल्या शंकेचा भोवरा विचारून राहिला. चल, अंगणात बसू." मग बस. क्रिकेटचं बोल, बैलाचं बोल, सरकीच्या भावाचं बोल. चार-सहा दिवस त्रास वाढल्यासारखा वाटेल. तेव्हा कच खाऊन पंधराव्यांदा उत्तर दिलंस तर तो एवढंच शिकेल की पंधरा वेळा विचारावं लागतं. जमेल तेवढंच ठरव, पण ठरवलं ते पाळ.

बाळाचं. हे मी दादासाठीच लिहिते आहे, त्याने नीट वाचावं.

कडेवर बाळ असताना 'टाकून दिलं तर', कड्यावर उभं असताना 'उडी मारली तर', भाजी चिरताना 'सुरी कोणाला खुपसली तर' असे विचार निरोगी माणसांच्याही मनात येतात. १९७८ साली रॅकमन आणि डिसिल्वा या संशोधकांनी साध्या माणसांना विचारलं तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांनी कबूल केलं की नको ते, भलतेच विचार आपल्यालाही येतात. फरक एवढाच की बाकीचे 'हॅट्' म्हणून पुढे जातात, आणि ओसीडी असलेला माणूस तो विचार हातात धरून म्हणतो, माझ्या मनात आलं म्हणजे मी तसाच असलो पाहिजे. दादा, तुला त्या विचाराने घाम फुटला, तू भाच्याला हात लावणं सोडलंस, कारण तो विचार तुझ्या जिवावर आला. हा ओसीडीचा नेहमीचा रंग आहे. ज्या गोष्टीवर जीव असतो तिथेच तो बोट ठेवतो. डॉक्टरांना हे लाजू नकोस, उघड सांग. ते दचकणार नाहीत, त्यांनी हे खूपदा ऐकलेलं असतं. चार प्रश्न विचारून ते खात्रीही करून घेतील, ते त्यांचं काम आहे. ताईला सांगायचं की नाही हे तू ठरव, तुझ्या भावाने परस्पर सांगू नये.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्झामिन, एस्सिटालोप्राम यांपैकी एखादी बहुधा सुरू होईल. या झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि यांचं व्यसन लागत नाही. सुरुवातीला मळमळ, पोटात गडबड, थोडी बेचैनी होते. ओसीडीत डोस उदासीच्या आजारापेक्षा बरेचदा जास्त लागतो, आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. हे पीक तुरीचं आहे, सोयाबीनचं नाही. तीन आठवड्यांत 'काही फरक नाही' म्हणून सोडून दिलेल्या गोळ्यांची पाकिटं मी पुष्कळ घरांच्या कोनाड्यांत पाहिली आहेत. बरं वाटल्यावरही साधारण वर्ष-दोन वर्षं चालू ठेवतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. पुष्कळांचा त्रास बराच कमी होतो. सगळ्यांचा मुळापासून जातो असं मी म्हणणार नाही. आधी किंवा उपचार चालू असताना दादाच्या तोंडी मरणाची भाषा आली तर वाट पाहू नको, त्याच दिवशी ने. आणि फवारणीचं औषध घरात किंवा हाताशी ठेवू नको, कुलपात ठेव. आपल्या जिल्ह्यात हे मी का सांगते ते तुला वेगळं सांगायला नको.

कुठे न्यायचं? यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. वर्ध्याकडून जवळ पडत असेल तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. घरातलं कोणी 'नागपूरच्या पागलखान्यात नेते' म्हणून घाबरलं तर सांग, ओपीडीचा कागद काढायचा, बोलायचं, गोळ्या घ्यायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने घरी. जायच्या आधी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. दादा स्वतः बोलायला तयार नसेल तर तू बोल. वर्तनोपचार करणारी माणसं आपल्याकडे थोडी आहेत, म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचार: गोळीसोबत सराव कसा करायचा ते आम्हाला शिकवाल का? जाताना एक वही ने. चार दिवस किती चकरा, किती प्रश्न, त्यात किती वेळ गेला, एवढंच लिहिलेलं. ही वही तुझ्या एमआरआयपेक्षा जास्त कामाची. आणि वेचणी सुरू व्हायच्या आत जा. एकदा वेचणी लागली की तुमच्या घरात कोणाला सवड होणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझं माहेरही वावराचंच.

आईशी वाद घालू नको. तिला पोरगा बरा व्हायला हवा आहे, तुझ्याइतकाच. देवाला नारळ फोडते तर फोडू दे. पण मिरचीची धुरी पुन्हा नाही. भूत उतरवायच्या नावाखाली धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे तिला नाही तरी तिथल्या माणसाला सांग. आईला एवढंच म्हण, की असा त्रास आपल्याच घरात नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हजार मोठ्या माणसांमागे साधारण आठांना ओसीडी आढळला. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता, पण आपण काही वेगळ्या मातीचे नाही. तुमच्याच गावात आणखी चार-पाच जण असतील, आणि प्रत्येकाला वाटत असेल आपण एकटेच.

लग्नाचं: आधी उपचार सुरू होऊ दे, दोन-तीन महिने जाऊ दे. पोहे खायला गेल्या दिवशी सांगायची ही गोष्ट नाही, पण साक्षगंधाच्या आधी सांगायचीच. आणि दादाने स्वतः मुलीशी बोलावं, मामा-काकांच्या तोंडून नको. 'लग्न झालं की सुटते' असं कोणी म्हणेल. सुटत नाही. 'बंद आहे' म्हणायला घरात आणखी एक माणूस येतं, एवढंच होतं.

तुझी ता. क. राहिली. हो, दादाला दाखव. त्याच्यासमोर बसून वाचून दाखवलंस तर उत्तम. फक्त वाचून झाल्यावर तो म्हणाला, "डॉक्टरीणबाईनं खरंच असं लिहिलं ना बे?" तर एकदा हो म्हण. दुसऱ्यांदा विचारलं तर पेपर घडी करून ठेव आणि त्याला अंगणात घेऊन जा.